ओट्याखालचं सिंक सुटलंय. चिकटवायच्या क्लिपा टिकतात का?

पाटावरवंटा | २८ जून, रात्री ११:२०

मंडळी, झोप उडालीय म्हणून आत्ताच धागा काढतेय.

पुण्यात सिंहगड रस्त्याला फ्लॅट. नऊ वर्षांपूर्वी किचन करून घेतलं. काळं ग्रॅनाइट आणि त्याच्या खालून बसवलेलं स्टीलचं सिंक, २४ बाय १८, नऊ इंच खोल. ओट्यावरचं पाणी सरळ सिंकमध्ये लोटता येतं, मध्ये कड आडवी येत नाही, म्हणून हौसेने हा प्रकार घेतला होता.

आज जेवणं झाल्यावर कुकर, परात आणि बुडाला लागलेलं पातेलं भिजत घातलं, नळ जरा जास्तच वेळ चालू राहिला. तासाभराने पाहते तर डावीकडे दगड आणि स्टीलच्या मध्ये काळी फट. चांगली दोन-तीन सूत. उजवी बाजू अजून धरून आहे. खालचं दार उघडलं तर कांद्याच्या टोपलीत पाणी.

गेल्या वर्षीही थोडं सुटलं होतं. ज्यांनी किचन केलं त्यांनी एक मुलगा पाठवला. त्याने कडेकडेने पांढरं सिलिकॉन फिरवलं, बाराशे रुपये घेतले, दहा मिनिटांत गेला. आज फोन केला तर म्हणतात ओटा उचलावा लागेल, आणि उचलताना ग्रॅनाइट तुटलं तर ते तुमचं.

एका व्हिडिओत दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवायच्या क्लिपा दिसल्या. भोक पाडायचं नाही, ओटा उचलायचा नाही. हे खरंच टिकतं का? आमच्या घरातलं दुसरं मत आहे की खाली विटा रचाव्यात.

चकली | २८ जून, रात्री ११:४१

विटांना अनुमोदन. आमच्या सिंकखाली तीन वर्षं मुलाची इंजिनिअरिंगची पुस्तकं आहेत. शिक्षणाचा खर्च वसूल. (दिवे घ्या.)

नटबोल्ट | २९ जून, सकाळी ६:५०

पाटावरवंटाताई, आधी सिंक रिकामं करा आणि रिकामंच ठेवा. भांडी दोन दिवस बाथरूममध्ये घासा.

तुमच्या मापाच्या सिंकची आतली पोकळी साधारण २२ × १६ × ८ इंच धरली तर ४६ लिटर पाणी मावतं. म्हणजे ४६ किलो, वर कुकर आणि परात वेगळी. एक बाजू सुटली की हा सगळा भार उरलेल्या तीन बाजूंवर जातो, आणि तोही सरळ खाली नाही, तर कड उचकटत जातो. डबा उघडताना झाकण एका कोपऱ्यातून उचकटलं की बाकीचं सहज येतं, तसंच. उजवी बाजू आज धरून आहे म्हणून उद्या धरेल असं नाही.

आजच्या आज खालून टेकू द्या. गाडीचा जॅक असेल तर उत्तम. कपाटाच्या तळाच्या प्लायवर रुंद फळी, तिच्यावर जॅक, जॅकच्या डोक्यावर दुसरी फळी. वेस्ट कपलिंगवर (सिंकच्या तळाला पाणी जायच्या भोकाचा जोड) टेकू नका, ते वाकेल. आणि फट मिटेपर्यंतच फिरवा. त्यापुढे अर्धा फेरा फिरवलात तर तुम्ही सिंक नाही, ओटा उचलताय. सिंकच्या पुढच्या बाजूची ग्रॅनाइटची पट्टी दोन-अडीच इंचांची असते. सगळ्या ओट्यात सर्वांत नाजूक जागा तीच.

निवांत | २९ जून, सकाळी ९:०५

एवढं कशाला? एम-सील मळा, कडेने थापा, विषय संपला.

दगडफोड्या | २९ जून, दुपारी १:३०

एम-सील मळून थापायची पुट्टी आहे, गळती बुजवायला झकास. पण ती घट्ट असते, दगडाच्या बारीक रंध्रांत शिरत नाही. ओढ सोसायच्या जागी तिला लावू नका.

आमचा ग्रॅनाइटचाच धंदा, वडिलांपासून. म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्याकडे खालून सिंक बसवायच्या तीन-चार तऱ्हा आहेत. जुनी म्हणजे सिंकच्या दोन्ही अंगांना कडप्प्याच्या उभ्या फरश्या, त्यावर आडवी पट्टी, सिंक त्यावर बसलेलं. ते कधीच सुटत नाही, कारण ते लटकलेलंच नसतं. दुसरी म्हणजे ग्रॅनाइटचेच गुटके: कडेला लागून एक गुटका दगडाला चिकटवायचा आणि त्यावर दुसरा असा की तो सिंकच्या कडेला खालून धरेल. तिसरी, दगडात अर्धवट भोक पाडून पितळी बूश (आतून आटे असलेली नळी) बसवायचा आणि स्क्रूने क्लिप आवळायची. हे दुकानात, दगड उलटा टेबलावर असताना करायचं काम. अठरा-वीस मिलिमीटरच्या दगडात दहा-बारा मिलिमीटर भोक, ड्रिलला खूण बांधून. बसवलेल्या ओट्याखाली पाठीवर झोपून हे करायला मी माझ्या माणसाला पाठवणार नाही.

आणि चौथी तऱ्हा म्हणजे नुसतं सिलिकॉन. घाई असली, पुढची साइट वाट बघत असली की हीच. सिलिकॉन पाणी अडवायला असतं, वजन धरायला नव्हे. आठ-नऊ वर्षं धरलं ही त्याची मेहेरबानी. ताई, तुमच्या सिंकखाली हात घालून चाचपा. गुटके किंवा क्लिपा लागतात का?

पाटावरवंटा | २९ जून, दुपारी ४:१५

चाचपलं. काहीही नाही. टॉर्च लावून पाहिलं तर चारी बाजूंना फक्त पिवळट सिलिकॉन आणि त्याला चिकटलेलं झुरळाचं एक पंख.

जॅक लावलाय. नटबोल्टकाका, फट मिटली. गाडीची स्टेपनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडी पडलीय, वॉचमन दोनदा विचारून गेला.

ओहायोकर | ३० जून, सकाळी ७:४५

कोलंबसहून लिहितोय. इकडे घरोघरी हाच प्रकार, खालून लावलेलं सिंक आणि दहा-पंधरा वर्षांनी त्याची मान टाकणं. वर आमच्या सिंकला कचरा दळायचं यंत्र लटकलेलं असतं, सात-आठ किलोचं, आणि ते चालू झालं की सगळं थरथरतं. माझं सिंक तीन वर्षांपूर्वी सुटलं. चिकटवायच्या क्लिपांनीच बसवलं. अजून आहे.

क्लिप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण व्हिडिओत ते चटकन निघून जातं. एक चपटी धातूची चकती, तिला भोकं. चकतीच्या मधोमध उभा आट्यांचा दांडा. ही चकती दगडाला खालून इपॉक्सीने (दोन भाग मिसळून करायचा कडक चिकटा) चिकटवायची, दांडा खाली लोंबतो. इपॉक्सी चकतीच्या भोकांतून बाहेर येऊन पसरते आणि सुकल्यावर तिचीच टोपी तयार होते, रिव्हेटसारखी. दांड्यावर एक वाकडी पट्टी सरकवायची, तिचं एक टोक सिंकच्या कडेखाली, दुसरं दगडाला टेकलेलं. खालून कान असलेला नट हाताने आवळायचा.

यात गोम अशी की दांडा सिंकच्या कडेजवळ हवा. जितका लांब न्याल तितका जोर पट्टीचं दुसरं टोक खातं आणि सिंकपर्यंत पोचतच नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात, मीही दोन क्लिपा काढून परत लावल्या. आठ-दहा इंचांवर एक असं धरा. तुमच्या मापाला आठ, परवडलं तर दहा.

इपॉक्सी हळू वाळणारी घ्या. पाच मिनिटांवाली मोहात पाडते, पण ओट्याखाली आडवं पडून आठ ठिकाणी लावेपर्यंत तिसऱ्या क्लिपेलाच ती डब्यात घट्ट होते. चोवीस तास नटाला हात लावायचा नाही. नंतरसुद्धा पाना नको, बोटांनी आवळा. इपॉक्सी सरळ ओढीला खूप सोसते, उचकटायला फार कमी. पान्याने आवळलं की पट्टी तिरकी होते आणि चकती एका बाजूने उचकटते.

निवांत | ३० जून, सकाळी १०:२०

आणि चिकटवायचं काय, अॅराल्डाइट? अवांतर: २०२० पासून आपल्याकडे अॅराल्डाइटही फेव्हिकॉल आणि एम-सीलवाल्यांचंच झालंय. म्हणजे कुठूनही गेलो तरी हत्तींपाशीच.

दगडफोड्या | ३० जून, दुपारी २:१०

हो, साधं, दोन ट्यूबवालं, हळू वाळणारं. आमच्या दुकानात मॅस्टिक असतं, हार्डनर घालून दहा-पंधरा मिनिटांत दगड होतो. पण ते दगडाला दगड जोडायला. दगडाला लोखंड-स्टील धरायचं तर इपॉक्सीच.

ओहायोकरांनी सगळं बरोबर सांगितलं, पण माझ्या मते ऐंशी टक्के काम चिकटवण्याच्या आधीचं आहे. सिलिकॉनवर सहसा काहीही धड चिकटत नाही. जुन्यावर नवं सिलिकॉनसुद्धा भरवशाचं नाही. त्या मुलाने गेल्या वर्षी जुन्यावर नवं फिरवलं, ते पहिल्या दिवसापासून नुसतं शोभेला होतं.

सिंक पूर्ण खाली उतरवा. अर्धवट लोंबतं ठेवून कोपऱ्यातून काम करायचा मोह होईल, करू नका. दगडाची खालची बाजू ब्लेडच्या खुरपणीने खरवडा, मग साठ नंबरच्या घासपेपरने. सिंकची कडही. मग अॅसिटोनची चिंधी. अॅसिटोनने वाळलेलं सिलिकॉन विरघळत नाही, हे लक्षात ठेवा, त्याने फक्त तेलकटपणा जातो. सिलिकॉन खरवडूनच काढायचं.

शेवटी एक परीक्षा. ओल्या फडक्याने दगड खालून पुसा आणि टॉर्च तिरकी धरून बघा. पाण्याचा पापुद्रा एकसारखा पसरला तर जागा साफ. कुठे पाणी फाटून त्याचे थेंब झाले तर तिथे सिलिकॉन आहे, डोळ्यांना दिसो न दिसो. मग पुन्हा खरवडा.

आणि हो, बाहेरून आलेल्या स्लॅबला पाठीमागे जाळी चिकटवलेली असते. आपल्या काळ्या ग्रॅनाइटला सहसा नसते. असली तर चकतीपुरती खरवडून दगड उघडा करा, नाहीतर तुम्ही जाळीला लटकाल, दगडाला नाही.

यारा काठी | १ जुलै, पहाटे ५:३०

मेलबर्नहून. ज्यांचा ओटा ग्रॅनाइटचा नाही, क्वार्ट्झचा आहे त्यांच्यासाठी मध्येच लिहिते. क्वार्ट्झ म्हणजे कारखान्यात राळ घालून केलेला दगड, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. तो कोरडा ग्राइंडरने घासला की जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. दगड कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस व्हायला लागला म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हे दगड करणं, विकणं, बसवणं बंद केलं. आहे त्या ओट्याची दुरुस्ती नियम पाळून करता येते.

ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, कमी असते इतकंच. ग्राइंडर वापरू नका. हाताने, ओला पेपर, आणि नीट बसणारा मास्क. ओढणी नव्हे.

नटबोल्ट | १ जुलै, सकाळी ७:१५

माझा जरा विरोध नोंदवून ठेवतो. क्लिपा लावा, पण नुसत्या चिकट्यावर माझा जीव बसत नाही. सुताराकडून कपाटाच्या दोन्ही बाजूंच्या प्लायला सागाच्या दोन पट्ट्या मारून घ्या, सिंकच्या कडेखाली टेकतील अशा. वजन सरळ कपाटावर जातं, चिकटा रजेवर गेला तरी चालतं.

ओहायोकर | १ जुलै, संध्याकाळी ६:००

काका, बाजूंना जागा असेल तर जरूर. माझ्या कपाटात सिंक आणि बाजूच्या प्लायमध्ये दीड इंच होतं आणि स्क्रू-ड्रायव्हर आत जाईना. शिवाय मागच्या आणि पुढच्या कडेला पट्टी टेकत नाही, तिथे क्लिपच लागते.

नटबोल्ट | १ जुलै, संध्याकाळी ६:२५

मान्य. तरी मी पट्ट्या मारीन.

पाटावरवंटा | ७ जुलै, रात्री १०:०५

अहवाल देते. थोडा लाजिरवाणा आहे.

रविवारी पाइप सोडवला, सिंक खाली उतरवलं (दोघांनी, एकट्याने जमत नाही). दगड खरवडला. वाटलं होतं अर्धा तास, गेले साडेतीन. पाठ कपाटाच्या चौकटीवर, डोकं बॉटल ट्रॅपपाशी, आणि खरवडलेलं सगळं चष्म्यावर. क्लिपा मागवल्या होत्या, दहांचं पाकीट. आठ लावल्या. चोवीस तास थांबले, शप्पथ. सिंकच्या कडेला सिलिकॉन लावलं, जॅकने वर उचललं, पट्ट्या सरकवल्या, नट बोटांनी आवळले.

सातवा आवळताना टक् झालं आणि चकती हातात. आठवा नुसता धरला तर तोही आला. दोन्ही मागच्या, भिंतीकडच्या. बाकी सहा धरून आहेत, जॅक अजून खाली आहे. रडावं की हसावं कळेना, म्हणून चहा केला.

दगडफोड्या | ७ जुलै, रात्री १०:४०

ताई, निघालेल्या चकत्या फेकल्या नाहीत ना? उलट्या करून बघा. अॅराल्डाइट कुठे राहिलंय, चकतीवर की दगडावर?

पाटावरवंटा | ७ जुलै, रात्री १०:५२

सगळं चकतीवर. वरून एकदम चकचकीत, आरशासारखं. दगडाचा कणसुद्धा लागलेला नाही. उलट त्यात दगडावरच्या करवतीच्या रेघा उमटल्यात, बोटाला लागतात.

दगडफोड्या | ७ जुलै, रात्री ११:००

मग अॅराल्डाइटचा दोष नाही, मिसळण्यातही चूक नाही. चांगलं मिसळलं म्हणून तर रेघ न रेघ उतरली. ते दगडाला चिकटलंच नाही, नुसतं टेकून वाळलं. मागच्या बाजूला पाण्याची परीक्षा केली होती?

पाटावरवंटा | ७ जुलै, रात्री ११:०४

मागे डोकं जात नाही. हाताने चाचपून खरवडलं आणि साफ आहे असं धरून चालले.

चकली | ७ जुलै, रात्री ११:०९

मोबाइलचा सेल्फी कॅमेरा. कपाटाच्या तळाशी आडवा ठेवायचा, टॉर्च वेगळी. मी पुस्तकांची उंची अशीच तपासते.

ओहायोकर | ८ जुलै, सकाळी ७:२०

चकलीताईंची युक्ती लाखमोलाची.

निघालेल्या चकत्या परत वापरायच्या तर सगळा चिकटा खरवडून धातू उघडा करा. दोन सुट्या आहेत तर त्याच वापरा. सिंक पुन्हा उतरवायला लागणार नाही, सहा धरलेल्या आहेत. पण जॅक काढू नका.

अजून एक. तुमचं सिलिकॉन अजून कच्चं आहे हे विसरू नका. ते हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. स्टील आणि दगडाच्या मध्ये दाबलेल्या इंचभर रुंद पट्टीला हवा फक्त कडेकडेने मिळते. बोटाला वरून कोरडं लागलं तरी मधलं आठवडाभर ओलं.

निवांत | ८ जुलै, सकाळी ९:३०

म्हणजे पुण्याच्या पावसात उलट लवकर वाळेल? आमच्याकडे पापडसुद्धा वाळत नाहीत या दिवसांत.

ओहायोकर | ८ जुलै, संध्याकाळी ५:५०

सिलिकॉन हो, लवकर. पण दगड मात्र कोरडाच हवा, ओल्या दगडावर ते धरत नाही. पाण्याची परीक्षा झाली की हेअर ड्रायर फिरवा, मग चिकटवा.

पाटावरवंटा | १९ जुलै, रात्री ९:३०

झालं एकदाचं.

मोबाइल खाली ठेवून पाहिलं तर मागच्या बाजूला पाण्याचे छान टपोरे थेंब, अळूच्या पानावर असतात तसे. डोळ्यांना दगड स्वच्छ काळा दिसत होता. खुरपणी उलटी धरून, मनगट वाकडं करून तेवढाच वीतभर भाग दोन तास घासला. चौथ्या वेळी पाणी पसरलं. ड्रायर, अॅसिटोन, अॅराल्डाइट. या वेळी चकत्या जागेवर राहाव्यात म्हणून आइस्क्रीमच्या काड्यांचा टेकू दिला. दोन दिवस हात लावला नाही. मग आवळलं. टक् झालं नाही.

जॅक तरीही आणखी आठवडाभर ठेवला. गाडी रिक्षासारखी जपून चालवली.

काल परीक्षा घेतली. वेस्टला बूच लावून सिंक काठोकाठ भरलं, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला, आणि कडेच्या सांध्यावर दगडापासून स्टीलपर्यंत पेन्सिलची रेघ मारली, हलली तर कळावं म्हणून. दोन तास ठेवलं. रेघ जागच्या जागी, कागद कोरडा.

नटबोल्टकाका, सुतार बुधवारी येतोय. सागाच्या नाही, पण उरलेल्या प्लायच्या दोन पट्ट्या उजव्या-डाव्या बाजूला मारून घेतेय. रात्री झोप लागावी म्हणून. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सांगितलंय की परात आपटायची नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच परात उचलून बाजूला ठेवली.

नटबोल्ट | २० जुलै, सकाळी ६:४०

छान. जॅक गाडीत परत ठेवलात ना?

पाटावरवंटा | २० जुलै, सकाळी ८:१५

ठेवला. चकली, तुमच्या पुस्तकांचं काय? आता क्लिपा मागवा, उरलेली अर्धी ट्यूब माझ्याकडून.

चकली | २० जुलै, सकाळी ८:३२

सर्वांत वरचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं आहे. पाण्याने फुगलंय, त्यामुळे आमचं सिंक उलट अर्धा सूत वर गेलंय.